घटक ३ : मराठ्यांचे घोडदळ – मालकी, निगा आणि युद्धनीती

३.० उद्दिष्टे

या घटकाच्या अध्ययनानंतर आपल्याला :
• पश्चिम किनाऱ्यावरील घोड्यांच्या व्यापाराचे लष्करी महत्त्व सांगता येईल.
• बारगीर व शिलेदार यांतील भेद आणि त्या भेदाचे राजकीय परिणाम स्पष्ट करता येतील.
• घोड्यांची वैरण, पाणी व छावणी यांचा मोहिमांशी असलेला संबंध विशद करता येईल.
• पालखेड व पानिपत या दोन प्रसंगांची घोडदळाच्या दृष्टीने तुलना करता येईल.
• मराठी भाषेतील घोडदळविषयक शब्दांचा व वाक्प्रचारांचा उगम ओळखता येईल.

३.१ प्रास्ताविक

मराठ्यांच्या घोडदळाचा विषय निघाला की आपल्या मनासमोर प्रथम उभी राहते ती दौड. धुळीचे लोट, उगारलेली तलवार आणि भरधाव घोडा हे चित्र कथा-कादंबऱ्या, चित्रपट व चौकाचौकांतील पुतळे यांनी आपल्या मनावर कोरले आहे. हे चित्र खोटे नाही. परंतु ते अपुरे आहे. घोडा वर्षातून काही दिवस लढतो, मात्र खातो रोज. ज्या राज्याला घोडदळ उभे करायचे असते, त्याला शौर्याच्या आधी दोन साध्या प्रश्नांची उत्तरे द्यावी लागतात. घोडा कोणाच्या मालकीचा? आणि त्याला खाऊ कोण घालणार?

प्रस्तुत घटकात आपण याच दोन प्रश्नांच्या आधारे मराठ्यांच्या घोडदळाचा अभ्यास करणार आहोत. सतराव्या शतकातील शिस्तबद्ध पागा, अठराव्या शतकातील दूरवरच्या स्वाऱ्या, पानिपतचा पराभव आणि पुढे कवायती फौजेला आलेले महत्त्व, या साऱ्या घटना या प्रश्नांशी जोडलेल्या आहेत.

३.२ विषय-विवेचन

३.२.१ घोडा आला कोठून?

सीवूड्स-दारावे स्थानकातून पश्चिमेकडे चालत गेल्यास थोड्याच वेळात आपण खाडीकिनारी पोहोचतो. ठाण्यापासून खाली येणारी खाडी आणि पनवेलची खाडी यांच्यामधला हा प्रदेश आज इमारतींनी भरलेला आहे. घोडदळाच्या इतिहासाशी या किनाऱ्याचा संबंध काय, असा प्रश्न आपल्याला पडेल. संबंध आहे, आणि तो जुना आहे.

तेराव्या शतकाच्या अखेरीस भारतात आलेला व्हेनिसचा प्रवासी मार्को पोलो याने ठाण्याच्या राज्याविषयी एक लक्षणीय माहिती नोंदवली आहे. तेथील राजाने समुद्री चाच्यांशी करार केला होता. लुटीतील इतर सर्व माल चाच्यांनी ठेवावा; मात्र हाती लागलेले घोडे राजाला द्यावेत, असा तो करार होता. राजाकडे स्वतःचे घोडे नव्हते आणि परदेशातून हिंदुस्थानकडे घोडे घेऊन जाणारी जहाजे याच समुद्रातून जात, असे कारणही त्याने दिले आहे. एक राजा सोन्यानाण्यावर पाणी सोडतो आणि घोडे मागतो, यावरून त्या काळी घोड्याचे मोल काय होते याची कल्पना येते.

यानंतर सुमारे पावणेदोनशे वर्षांनी, म्हणजे १४६९ च्या सुमारास, अफानासी निकितीन हा रशियन व्यापारी चौल बंदरात उतरला. विक्रीसाठी त्याने सोबत एक घोडा आणला होता. तो घेऊन निकितीन जुन्नरला पोहोचला, तेव्हा तेथील बहमनी सुभेदाराने घोडा हिसकावून घेतला आणि निकितीनला तो मोठ्या प्रयासाने परत मिळाला. येथे घोड्यांना हरभऱ्यासारखे धान्य व खिचडी खाऊ घालतात, हेही त्याने लिहून ठेवले आहे. पुढे १५१० मध्ये पोर्तुगिजांनी गोवा जिंकल्यावर होर्मुझहून येणारा घोड्यांचा व्यापार आपल्या मुठीत ठेवण्याचा त्यांनी कसोशीने प्रयत्न केला. अरबी घोडा मिळतो की नाही, यावर दख्खनच्या सुलतानांचे व विजयनगरचे लष्करी बळ अवलंबून होते.

मराठ्यांच्या घोडदळाचे वेगळेपण येथेच सुरू होते. सरदारांकडे अरबी व इराणी जनावरे असत. परंतु सामान्य स्वाराचा आधार होता तो देशी घोडा, विशेषतः भीमा नदीच्या खोऱ्यातील भीमथडी तट्टू. उंचीने बेताचे, अंगाने काटक, डोंगरवाट तुडवणारे आणि मिळेल त्या चाऱ्यावर निभावणारे हे जनावर समुद्रापारच्या व्यापाऱ्यावर अवलंबून नव्हते. दिसायला ते अरबी घोड्याच्या पासंगालाही पुरले नसते. मात्र ते स्वस्त होते, घरच्या मुलखात पैदा होत होते आणि मेले तर दुसरे मिळत होते. मोठ्या संख्येने घोडदळ उभे करण्यासाठी हे गुण दिमाखापेक्षा अधिक उपयोगी ठरले.

३.२.२ बारगीर आणि शिलेदार

मराठी घोडदळात स्वारांचे दोन मुख्य वर्ग होते. ज्याला घोडा व शस्त्रे सरकारातून मिळत तो बारगीर. ज्याचा घोडा व शस्त्रे स्वतःची असत तो शिलेदार. सरकारी घोड्यांच्या दलाला पागा म्हणत.

हा भेद नीट समजण्यासाठी एक आजचे उदाहरण घेऊ. मालकाची रिक्षा चालवणारा आणि स्वतःची रिक्षा चालवणारा, असे दोन चालक एकाच रस्त्यावर असतात. काम एकच, परंतु अपघात झाला तर पहिल्याचा रोजगार बुडतो आणि दुसऱ्याचे भांडवलच बुडते. शिलेदाराची अवस्था या दुसऱ्या चालकासारखी होती. घोडा मेला की त्याची उपजीविका संपली. त्यामुळे शत्रूच्या तोफांवर सरळ चालून जाण्यात त्याला वैयक्तिक धोका दुहेरी होता. दुसऱ्या बाजूने, घोडा स्वतःचा असल्यामुळे चाकरी सोडून दुसऱ्या धन्याकडे जाण्याची मोकळीकही त्याला होती. बारगिराला हे दोन्ही प्रश्न नव्हते. त्याचा घोडा राज्याचा, म्हणून त्याची निष्ठाही राज्याशी बांधलेली होती.

शिवाजी महाराजांनी पागेला प्राधान्य दिले ते याच कारणाने. कृष्णाजी अनंत सभासद याने राजाराम महाराजांच्या काळात लिहिलेल्या बखरीत या व्यवस्थेचे वर्णन आढळते. त्यानुसार २५ बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांवर एक जुमलेदार, दहा जुमल्यांचा एक हजारी आणि पाच हजाऱ्यांवर एक पंचहजारी असे. सर्वांवर सरनोबत. शिलेदारांनाही पागेच्या हुकमतीखाली ठेवले होते, जेणेकरून कोणाला बंड करण्याइतके स्वतंत्र बळ राहू नये, असा हेतू सभासद स्पष्टपणे सांगतो.

याच वर्णनातील एक तपशील सहसा दुर्लक्षिला जातो. दर २५ घोड्यांमागे एक पखालजी आणि एक नालबंद नेमलेला असे. पखालजी पाणी पुरवी व नालबंद घोड्यांच्या टापांना नाल ठोकी. एका हजारीत दहा जुमले, म्हणजे १,२५० स्वार धरले, तर त्यांच्यामागे ५० पखालजी आणि ५० नालबंद असत. इतिहासात सरनोबतांची नावे राहिली, नालबंदांची राहिली नाहीत. परंतु दख्खनच्या खडकाळ वाटांवर नाल निखळलेला घोडा दोन दिवसांत लंगडा होतो आणि लंगड्या घोड्यावरचा स्वार पायदळाहूनही निरुपयोगी ठरतो.

राजाराम महाराजांच्या काळात, मोगलांशी चाललेल्या जीवनमरणाच्या लढ्यात, ही व्यवस्था बदलली. राजधानी पडली, खजिना आटला. सरकारी पागा पोसणे अशक्य झाले. तेव्हा जो स्वार घेऊन येईल त्याला मुलूख तोडून देण्याची पद्धत रूढ झाली. संताजी घोरपडे व धनाजी जाधव यांच्या धावत्या फौजांनी या काळात मोगलांना हैराण केले. परंतु घोड्याची मालकी आता छत्रपतींकडून सरदारांकडे सरकली होती. पेशवाईत शिंदे, होळकर, गायकवाड, नागपूरकर भोसले यांची सामर्थ्यशाली घराणी उभी राहिली, त्यामागे त्यांच्या स्वतंत्र पागा होत्या. राज्याचा विस्तार याच बदलामुळे झाला आणि राज्यातील दुहीचे बीजही याच बदलात होते.

स्वयं-अध्ययन प्रश्न – १
अ) एका-दोन वाक्यांत उत्तरे लिहा.
१. मार्को पोलोने नोंदवलेल्या करारानुसार ठाण्याच्या राजाला चाच्यांकडून काय मिळे?
२. एका जुमलेदाराच्या हाताखाली किती बारगीर असत?
३. शिलेदाराला रणांगणात दुहेरी धोका होता, असे का म्हटले आहे?

३.२.३ छावणीचे चार महिने

घोडदळाचे वर्ष दोन भागांत विभागलेले होते. दसऱ्याला फौज मोहिमेवर निघे आणि सुमारे आठ महिने परमुलखात राहून वैशाखाच्या सुमारास परते. पावसाळ्यात नद्या भरत, वाटा चिखलात रुतत आणि घोडदळ हलू शकत नसे. दसऱ्याच्या सीमोल्लंघनाला आपण आज केवळ धार्मिक विधी मानतो; त्यामागे घोड्याच्या टापांना पुन्हा कोरडी जमीन मिळण्याचा हा हिशेबही होता.

छावणीचे दिवस विश्रांतीचे वाटतात, परंतु पागेसाठी तेच सर्वांत कसोटीचे असत. आपण एक ढोबळ हिशेब करू. घोड्याला रोज त्याच्या वजनाच्या सुमारे दोन टक्के कोरडी वैरण लागते. तट्टाचे वजन ३०० किलो धरले, तर सहा किलो. पाणी किमान २५ लीटर. म्हणजे १,२५० घोड्यांच्या हजारीला रोज साडेसात टन वैरण आणि ३१,२५० लीटर पाणी हवे. चार महिन्यांची, म्हणजे १२० दिवसांची वैरण ९०० टन होते. एवढे गवत पावसाळ्यापूर्वी कापून, वाळवून, शाकारलेल्या छपरांखाली रचून ठेवावे लागे.

शिवाजी महाराजांनी चिपळूण परिसरात छावणीला असलेल्या पागेच्या अधिकाऱ्यांना लिहिलेले एक पत्र या दृष्टीने आवर्जून अभ्यासण्यासारखे आहे. पत्राचा आशय असा : साठवलेले धान्य व गवत आताच मनाला येईल तसे उधळले, तर ऐन पावसाळ्यात काही उरणार नाही. मग घोडे उपाशी मरतील आणि त्यांना तुम्हीच मारल्यासारखे होईल. त्यानंतर शिपाई कुणब्यांकडून दाणे, भाकर, गवत, लाकूड, भाजी ओरबाडू लागतील. कुणबी आधीच कसाबसा तग धरून आहे. तो गाव सोडून जाईल आणि त्याला तुम्ही मोगलांपेक्षाही वाईट वाटाल. पत्रात पुढे आगीविषयी ताकीद आहे. गवताजवळ चुली पेटवू नयेत, तंबाखू ओढताना काळजी घ्यावी, रात्री दिवा तसाच ठेवू नये. कारण उंदीर जळती वात ओढून नेईल, गवताला आग लागेल आणि सारी पागा नष्ट होईल.

एका राज्यकर्त्याने उंदराच्या तोंडातील वातीचा विचार करावा, हे प्रथमदर्शनी चमत्कारिक वाटेल. परंतु वरील ९०० टन वैरणीचा हिशेब डोळ्यांसमोर ठेवला की त्यामागील दूरदृष्टी उलगडते. या पत्रात घोडा, शिपाई आणि कुणबी ही एकच साखळी मानली आहे. घोड्याच्या तोंडचा घास संपला की हात शेतकऱ्याच्या ताटात जातो. फौज पोसण्याचा प्रश्न हा अंतिमतः रयतेच्या न्यायाचा प्रश्न आहे, ही जाणीव पत्राचे खरे मोल आहे.

याची दुसरी बाजूही अभ्यासकाने नजरेआड करू नये. घरच्या कुणब्याला जे संरक्षण होते ते परमुलखातील शेतकऱ्याला नव्हते. फौजेचे आठ महिने त्याच्याच धान्यावर निघत. अठराव्या शतकात नागपूरकर भोसल्यांच्या स्वारांनी १७४२ पासून बंगालवर वारंवार स्वाऱ्या केल्या. त्यांची दहशत एवढी होती की ‘बारगीर’ शब्दाचे ‘बर्गी’ हे रूप बंगाली अंगाईगीतांत आजही भीतीचे नाव म्हणून टिकून आहे. एकाच शब्दाला दोन प्रांतांत किती भिन्न अर्थच्छटा मिळतात, हे भाषेच्या विद्यार्थ्याने लक्षात घ्यावे.

३.२.४ पालखेड आणि पानिपत

घोडदळाची ताकद कोणत्या परिस्थितीत दिसते आणि कोणत्या परिस्थितीत नाहीशी होते, हे दोन प्रसंगांवरून पाहू.

१७२७-२८ च्या मोहिमेत निजामाने पुण्याच्या परिसरात शिरून बाजीरावाला अडचणीत आणण्याचा प्रयत्न केला. बाजीरावाने त्याच्या अंगावर न जाता जालना, खानदेश, गुजरात अशी लांबलचक दौड मारली. जड तोफा व बाजारबुणगे सोबत नसल्यामुळे त्याचे स्वार कोठेही वळू शकत होते. त्यांचा पाठलाग करताना निजामाला आपला अवजड तोफखाना मागे ठेवावा लागला. फेब्रुवारी १७२८ मध्ये पालखेडजवळ मराठ्यांनी त्याला कोंडले आणि पाणी व रसद तोडली. मोठी लढाई न होताच निजाम तहाला आला आणि मार्चमध्ये मुंगी-शेवगावचा तह झाला. येथे निर्णायक ठरले ते शस्त्र नव्हे, तर पाणी.

पानिपतावर हेच चक्र उलट फिरले. १७६० मध्ये सदाशिवरावभाऊंच्या फौजेत इब्राहिमखान गारद्याचा तोफखाना होता, तसेच मोठ्या संख्येने बिनलढाऊ माणसे, कुटुंबे व यात्रेकरूही होते. अहमदशहा अब्दालीने यमुना ओलांडल्यावर दोन्ही फौजा नोव्हेंबरपासून पानिपतजवळ तळ ठोकून राहिल्या. मराठ्यांच्या रसदेच्या वाटा हळूहळू बंद झाल्या. रसद पोहोचवण्याची जबाबदारी असलेले गोविंदपंत बुंदेले डिसेंबरमध्ये मारले गेले. धान्य संपले, चारा संपला, घोडी तळावरच मरू लागली. १४ जानेवारी १७६१ रोजी जे घोडदळ रणात उतरले, ते अनेक आठवडे अर्धपोटी राहिलेले होते. पालखेडला निजामाची जी स्थिती होती, तीच पानिपतावर मराठ्यांची झाली.

पानिपताच्या कारणांची चर्चा करताना आपण व्यक्तींचे दोष मोजतो. त्या चर्चेला जागा आहे. परंतु एका जागी खिळलेले घोडदळ हे घोडदळ राहत नाही, हे मूलभूत कारण त्या सर्व कारणांच्या तळाशी आहे. पानिपतातून जखमी होऊन वाचलेले महादजी शिंदे यांनी पुढे १७८४ पासून द ब्वान्य या अधिकाऱ्याकरवी कवायती पलटणी उभारल्या. १८०३ मध्ये असईच्या लढाईत इंग्रजांना कडवी झुंज दिली ती मुख्यतः या पायदळाने व तोफखान्याने. मराठी युद्धनीतीचा मध्य घोड्यावरून बंदुकीकडे सरकला होता.

३.२.५ तौलनिक दृष्टी : मध्ययुगीन ब्रिटन

मालकीचा प्रश्न केवळ आपल्याकडेच होता असे नाही. अँग्लो-सॅक्सन काळातील इंग्लंडमध्ये योद्धे घोड्यावरून रणांगणापर्यंत जात. परंतु लढताना बहुधा पायउतार होत. ९९१ मधील मॉल्डनच्या लढाईवरील काव्यात सेनापती आपल्या लोकांना घोडे दूर हाकलायला सांगून पायी लढण्याची आज्ञा देतो. १०६६ मध्ये हेस्टिंग्ज येथे ढालींची भिंत रचून उभ्या राहिलेल्या इंग्रज पायदळाचा नॉर्मन फौजेने पराभव केला. त्या फौजेत तिरंदाजांबरोबर घोडेस्वार होते. अँग्लो-सॅक्सन योद्धे घोड्यावरून कितपत लढत, याविषयी इतिहासकारांत आजही मतभेद आहेत.

आपल्या दृष्टीने त्याहून महत्त्वाची आहे तेथील ‘हेरियट’ ही प्रथा. सरदार मरण पावला की त्याच्या वारसाने राजाला घोडे व शस्त्रे द्यावीत, असा तेथे नियम होता. कनूट राजाच्या कायद्यात मोठ्या सरदाराने आठ घोडे (चार खोगिरासह, चार विनाखोगीर) आणि राजाच्या थेट सेवेतील सरदाराने चार घोडे द्यावेत, असे ठरवून दिले आहे. धन्याने दिलेले साधन अखेरीस धन्याकडे परत जावे, ही त्यामागील मूळ कल्पना. पागा आणि हेरियट या दोन संस्था एकमेकींपासून हजारो मैल व शतके दूर आहेत. तरी युद्धाचे साधन राज्याच्या हातातून निसटू नये, ही चिंता दोहोंत समान आहे.

३.२.६ भाषेत उरलेला घोडा

पागा गेल्या, परंतु त्यांची भाषा राहिली. खोगीर फुगवण्यासाठी आत कोंबलेल्या चिंध्या-गवतावरून ‘खोगीरभरती’ हा शब्द आला. आज आपण तो निबंधातील निरर्थक मजकुरासाठीही वापरतो. ‘घोडे पेंड खाते’, ‘वरातीमागून घोडे’, ‘घोडामैदान जवळ आहे’, ‘आपलेच घोडे दामटणे’, ‘लगाम घालणे’ हे प्रयोग कधीही घोड्यावर न बसलेली माणसे सहज करतात. ‘तोबरा’ म्हणजे घोड्याच्या तोंडाला बांधायची चंदीची पिशवी; पान-तंबाखूने भरलेल्या तोंडाला तो शब्द चिकटला. शिलेदार, पागे, बारगीर ही आडनावे आजही आढळतात. स्वतःच्या घोड्यानिशी येणारा तो ‘शिलेदार’, हा जुना अर्थ मात्र विस्मरणात गेला असून विश्वासू सहकारी असा नवा अर्थ त्याला प्राप्त झाला आहे.

३.३ सारांश

मराठ्यांच्या घोडदळाचे यश केवळ वेगात व शौर्यात नव्हते. देशी तट्टू, नालबंद-पखालजींची व्यवस्था, पावसाळी छावणीतील काटेकोर साठवण आणि सरकारी पागेचे वर्चस्व या पायावर ते उभे होते. घोड्याची मालकी सरदारांकडे गेल्यावर राज्य विस्तारले, परंतु त्याची वीण सैल झाली. पालखेडला शत्रूचे पाणी तोडून मिळवलेला विजय आणि पानिपतावर चाऱ्यावाचून ओढवलेला पराभव ही एकाच सत्याची दोन रूपे आहेत. घोड्याला खाऊ घालण्याचा प्रश्न राज्याने सोडवला नाही, तर त्याची किंमत शेवटी शेतकरी मोजतो, हा या घटकाचा मध्यवर्ती विचार आहे.

३.४ पारिभाषिक शब्द

पागा : सरकारी घोड्यांचे दल, घोडे बांधण्याची जागा.
चंदी : घोड्याला रोज द्यायचे धान्य.
पखालजी : कातडी पखालीतून पाणी पुरवणारा.
नालबंद : घोड्याला नाल ठोकणारा कारागीर.
बाजारबुणगे : फौजेबरोबर चालणारे बिनलढाऊ लोक.
कवायती फौज : पाश्चात्त्य पद्धतीने शिकवलेले पायदळ.

३.५ स्वयं-अध्ययन प्रश्नांची उत्तरे

१. लुटीतील सर्व घोडे राजाला मिळत.
२. पाच हवालदारांखाली प्रत्येकी २५, म्हणजे एकूण १२५ बारगीर असत.
३. घोडा स्वतःचा असल्यामुळे प्राणांबरोबर उपजीविकेचे भांडवलही गमावण्याचा धोका त्याला होता.

३.६ स्वाध्याय व उपक्रम

१. ‘घोड्याची मालकी बदलली आणि राज्याचे स्वरूप बदलले’ या विधानाची सोदाहरण चर्चा करा.
२. पालखेड व पानिपत या प्रसंगांची रसदेच्या दृष्टीने तुलना करा.
३. चिपळूणच्या छावणीसंबंधीच्या पत्रातून दिसणारी रयतेविषयीची भूमिका स्पष्ट करा.

उपक्रम : सीवूड्स-नेरूळ परिसरातील विद्यार्थ्यांनी जवळच्या बेलापूर किल्ल्याच्या अवशेषांना भेट द्यावी. खाडी, चिखल आणि टेकड्या यांनी वेढलेल्या या भूप्रदेशात घोडदळ कितपत उपयोगी पडले असते, याचे निरीक्षण करून ३०० शब्दांचे टिपण तयार करावे. इतर विद्यार्थ्यांनी आपल्या घरातील वा गावातील ज्येष्ठांकडून घोड्याविषयीच्या दहा म्हणी किंवा वाक्प्रचार मिळवून त्यांचा मूळ व आजचा अर्थ नोंदवावा.